नाईन एमएम की फोर्टी फाईव्ह, माझ्यापुरता वाद मिटलाय

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल कुठलं, हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, घ्यायचं तर .४५ घे (म्हणजे .४५ इंच जाड गोळीचं), एका गोळीत माणूस आडवा. मीपण बरीच वर्षं हेच छातीठोकपणे सांगायचो. मग एकदा रेंजवर सरांनी मला न सांगता .४५ च्या मॅगझिनमध्ये मधेच एक डमी राऊंड, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, घालून ठेवला. पहिल्या दोन गोळ्या सुटल्या, तिसऱ्याला नुसतं टक झालं आणि नळी सगळ्यांदेखत चांगली दोन बोटं खाली गेली, म्हणजे दणका बसायच्या आधीच मी घाबरून हात दाबत होतो. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले, तेच जास्त लागलं.

घरी येऊन आकडे मांडले. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, वेग सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास. नाईन एमएमची (नऊ मिलिमीटर जाड) १२४ ग्रेन, ८ ग्रॅम, पण वेग ३५० मीटर. ऊर्जा काढली तर दोन्हीकडे ४८०-४९० ज्यूल! हाताला बसणारा धक्का मात्र वजन गुणिले वेग यावर ठरतो आणि तिथे .४५ एक तृतीयांशाने जास्त भरते. (आणि गोळी लागून माणूस उडून पडत असेल तर झाडणाराही उडायला पाहिजे ना राव.)

पिस्तुलाची गोळी रायफलसारखी आजूबाजूचं काही फाडत नाही, ती भोक पाडते, मग ते कुठे पडलं आणि किती खोल गेलं एवढाच प्रश्न उरतो. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच नाईन एमएम लागली होती, पण ती दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो लढत राहिला. खापर गोळीवर फुटलं, मग १० एमएम आणली, ती हातात आवरेना, म्हणून १९९० मध्ये .४० आली. तेव्हापासून चाचणीत मांसाच्या जागी ठेवलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच आत गेली पाहिजे हा हिशोब रूढ झाला. आणि २०१४ मध्ये त्याच एफबीआयच्या ट्रेनिंगवाल्यांनी परत नाईन एमएमच बरी म्हणून सांगितलं, कारण हॉलो पॉइंट गोळ्या (टोकाला पोकळी असलेल्या, लागल्यावर उमलून रुंद होणाऱ्या) सुधारल्या होत्या आणि बहुतेकांचा नेम नाईनवर जास्त पटपट आणि नीट बसत होता.

.३८० ची गोळी नाईनएवढीच जाड, पण काडतूस आखूड, दारू कमी, त्यामुळे हॉलो पॉइंट उमलली की बऱ्याचदा खोल जात नाही. .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका बसून पेटणारी), कधीकधी पेटतच नाही, पण मनगटात जोर नसेल तर तीही चालेल म्हणा.

मध्यंतरी तोच डमीचा खेळ मी सरांना नाईन एमएमवर करायला लावला. नळी हललीच, पण नखाएवढी.