घरातला डेड स्टॉक

रात्री साडेनऊला दिवे गेले. घरात टॉर्च आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. एक नव्हे, निदान तीन. चाचपडत कपाटापर्यंत गेलो, वरचा खण उघडला, तर हाताला वायरी लागल्या. खालच्या खणात कागद. त्याच्या खालच्यात पुन्हा वायरी. शेवटी बायको मोबाइलचा उजेड घेऊन मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, टॉर्च शोधायला टॉर्च देऊ का?"

पुढच्या रविवारी नीट शोधलं तेव्हा चार टॉर्च निघाले. त्यातल्या दोघांच्या पोटात सेल गळून पांढरा थर साचला होता. मला ती बुरशी वाटायची. तशी ती नसते. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा असा पांढरा थर होतो. हातमोजे घालून, कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून पुसलं तर टॉर्च पुष्कळदा वाचतो. माझा एक वाचला. दुसऱ्याची स्प्रिंगच खाल्ली गेली होती. तिसऱ्यात सेलच नव्हते. चौथा अगदी ठणठणीत होता आणि जादा गाद्यांच्या मागे पडला होता. तिथे तो कसा गेला, हे या घरात कुणालाच माहीत नाही.

मी ऑडिटर आहे. तीस वर्षं लोकांच्या गोदामांत फिरून माल मोजतोय. चार-चार वर्षं जागचा न हललेला माल, म्हणजे डेड स्टॉक, दिसला की मी मालकाला विचारतो, "हे अजून किती दिवस हिशेबाच्या पुस्तकात ठेवणार?" उत्तर ठरलेलं असतं: "लागेल हो कधीतरी." त्यावर माझं एक छोटं व्याख्यान असतं. त्या रविवारी, दोन गळके टॉर्च हातात धरून उभा असताना, ते व्याख्यान मला शब्दन् शब्द आठवलं. पुस्तकात चार टॉर्च होते. त्या रात्री माझ्याकडे एकही नव्हता.

मग ठरवलं, आपल्याच घराचं स्टॉक टेकिंग करायचं.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. एकही वस्तू हलवायच्या आधी मी डबे घेऊन आलो. पारदर्शक, झाकणाचे, एकावर एक चपखल बसणारे, मोजून अकरा. माल किती आहे ते न बघता गोदाम बांधायला काढलं. एखाद्या अशिलाने हे केलं असतं तर मी त्याला बोल बोल बोललो असतो. डबे भरले, रचले, लांब उभं राहून कौतुकाने फोटोही काढला. पंधरा दिवसांत सगळं मूळपदावर. कारण अगदी साधं होतं. सर्वांत खालच्या डब्यातली चिकटपट्टी काढायची तर वरचे तीन डबे उतरवा, मग झाकण काढा. काढताना आपल्याला ती हवी असते, म्हणून हे सगळं आपण निमूट करतो. परत ठेवताना मात्र कसलीच गरज नसते, आणि मग कोण तीन डबे उतरवतो? चिकटपट्टी टेबलावर राहिली. तिच्या सोबतीला कात्री आली, कात्रीच्या सोबतीला सुतळी. आठवड्याभरात टेबल दिसेनासं झालं.

अकराच्या अकरा झाकणं काढून टाकली. झाकणं गेल्यावर डबे एकावर एक बसेनात, त्यामुळे चार डबेही गेले. उरलेले सात आता ड्रॉवरच्या आत, उघडे बसवलेत. वस्तू वरून टाकली की झालं. फोटो काढण्यासारखं काही नाही त्यात.

खरी लढाई वायरींची होती. तीन खण भरून. संगणकाला पडदा जोडायच्या जुन्या, व्हीजीएच्या दोन केबल निघाल्या. आयबीएमने ते पोर्ट १९८७ साली आणलं. तसलं पोर्ट असलेला शेवटचा संगणक आमच्या घरातून कधी गेला, हेसुद्धा मला आठवत नव्हतं. मायक्रो यूएसबीच्या नऊ. त्यातल्या दोन ठेवल्या, कारण दाढीचं यंत्र आणि एक स्पीकर अजून त्यांच्यावरच जगतात.

पण वायरींपेक्षा अ‍ॅडॉप्टर अवघड. चौदा निघाले, आणि त्यातल्या सहांचं यंत्रच घरात नव्हतं. अ‍ॅडॉप्टर टाकायला जीव धजत नाही, कारण तो कशाचा हे ठाऊक नसतं. आणि ते ठाऊक नसतं म्हणून वापरताही येत नाही. खरं तर त्याच्यावर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं. आउटपुटचे व्होल्ट यंत्रावर लिहिलेल्या आकड्याशी जुळायला हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. पिनेचं धन-ऋण उलटं असलं तर यंत्र जळू शकतं. पण घाईच्या वेळी हे भिंगातून कोण वाचत बसणार? आता नवं यंत्र घरात आलं की त्याच दिवशी अ‍ॅडॉप्टरवर कागदाची पट्टी चिकटवतो: "राउटर", "प्रिंटर". यंत्र घराबाहेर गेलं की त्याचा अ‍ॅडॉप्टरही त्याच्याबरोबर सती जातो.

त्याच खणात तळाशी एक जुना फोन मिळाला. पाठ फुगून काच उचलली गेली होती. लिथियमच्या बॅटरीत आत वायू साचला की ती अशी फुगते. ती टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, "बघू चालतोय का" म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. घरच्या कचऱ्यातही नाही, कारण पुढे कुठे चेपली गेली तर पेटू शकते. ई-कचरा घेणाऱ्यांच्याच हातात द्यायची. मी ती तीन-चार वर्षं जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला खेटून ठेवली होती. जपून!

जपण्यावरून पावत्या आठवल्या. वॉरंटीच्या सगळ्या पावत्या मी प्लास्टिकच्या पाकिटांत, तारीखवार लावून ठेवल्या होत्या. व्यवसायाची सवय. उघडून बघतो तर निम्म्या कोऱ्या. दुकानातल्या पुष्कळशा पावत्यांवर शाई नसतेच, त्या कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो. तो ऊन, उष्णता आणि काळाबरोबर फिका पडतो, आणि काही प्लास्टिकांतली रसायनं त्याला उलट लवकर उडवतात. म्हणजे मी उशाखाली फेकून दिल्या असत्या तर कदाचित जास्त टिकल्या असत्या. हल्ली पावती हातात आली की उभ्याउभ्या फोटो काढतो आणि फोटोला यंत्राचं नाव देतो.

आता जरा हिशेबाचं बोलतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा. शिल्लक मालाची किंमत लावायचा आमचा एक नियम आहे: मालाला पडलेली किंमत किंवा आज विकून हाती येईल ती निव्वळ रक्कम, यातलं जे कमी ते धरायचं. गोदामात मी हा नियम डोळे मिटून लावतो. घरात मात्र प्रत्येक वस्तूला मी तिची खरेदीची किंमत लावत होतो, वर आठवणींचं व्याजही चढवत होतो. हे माझ्या एकट्याचं नाही म्हणे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि उरलेल्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता ते, घेणारे जेवढं द्यायला तयार होते त्याच्या जवळपास दुप्पट मागत होते. तो मग त्यांच्या हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. माझ्या वायरी तर पंधरा वर्षं माझ्या होत्या!

त्यामुळे "ही ठेवू का टाकू" असं विचारणंच मी सोडलं. त्याऐवजी विचारायचं: ही आज माझ्याकडे नसती, तर ती आणायला मी चपला घालून बाहेर पडलो असतो का? व्हीजीएच्या केबलसाठी मी खुर्चीतूनही उठलो नसतो.

तरी काही वस्तूंपाशी अडायला होतंच. त्यावर तोडगा मला एका कारखान्यात सापडला होता, तोही माल मोजायला गेलो असताना. जपानी कारखान्यांतून आलेली, जागा आवरून ठेवायची फाइव्ह एस नावाची पद्धत तिथे लावली होती: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. भिंतीवर पाचही नावं मोठ्या अक्षरांत. मला त्यातली पहिलीच पायरी आवडली. नको ते वेगळं काढताना ज्या वस्तूबद्दल एकमत होत नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर तारीख घालायची, आणि वस्तू एका ठरलेल्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. मुदतीत कुणी ती मागायला आलं नाही तर तिचा निकाल लागला. भांडण नाही, पश्चात्ताप नाही. मी घरात तीन महिन्यांची मुदत ठेवली. सतरा वस्तूंना चिठ्ठ्या लागल्या. तीन परत आल्या, चौदा गेल्या.

त्याच कारखान्यात हत्यारांची फळीही पाहिली होती. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा फळीवर रंगवलेली. पाना जागेवर नसला की पान्याच्या आकाराची रिकामी जागा दुरूनही दिसते. मी कपाटाच्या दाराच्या आतून तसंच केलं: कात्री, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी, आणि मधोमध टॉर्च. खिळ्यांवर टांगलेले, भोवती जाड पेनाने रेघ. बायकोने पाहिलं आणि विचारलं, "हे मृतदेहाभोवती काढतात ना?" पण गंमत अशी की ती रिकामी रेघ खरोखर टोचते. रागावणारं कुणी लागत नाही. स्क्रूड्रायव्हर दोन दिवस जागेवर नव्हता तर मलाच चैन पडेना. तो माझ्याच ऑफिसच्या बॅगेत निघाला.

आता सगळ्यात वाईट झालं ते सांगतो, कारण ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. उत्साहाच्या भरात मी बायकोचा एक पत्र्याचा डबा टाकायच्या पिशवीत घातला. आत सुटी बटणं. एकासारखं दुसरं नाही. माझ्या लेखी हा डेड स्टॉकचा आदर्श नमुना होता. तिने पिशवी उचलताच खुळखुळाट ओळखला. ती ओरडली नाही. डबा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मालकाला न विचारता माल राइट ऑफ करता येतो का हो तुमच्यात?"

येत नाही. माल हिशेबातून काढून टाकायचा तर मालक सही करतो, ऑडिटर फक्त शेरा मारतो. तेव्हापासून मी माझ्याच वस्तूंना हात लावतो आणि सामायिक वस्तूंना दोघांची सही लागते. यामुळे काम निम्म्या वेगाने होतं आणि घरात शांतता राहते. बटणांचा डबा आहे तिथेच आहे. माझ्या दोन शर्टांना त्यातली बटणं लागलीत, हे ती अधूनमधून सांगते.

आवरलेलं टिकवायचं म्हणून मी फार काही करत नाही. दोनच गोष्टी. सेल आणि बल्ब यांच्या दोन-दोन डब्या ठेवल्यात, एकीमागे एक. पुढची संपली की मागची पुढे ओढायची आणि तेव्हाच नवी आणायची, त्याआधी नाही. नाहीतर "घरात आहेत की नाहीत कोण जाणे" म्हणून आपण दर वेळी आणतो, आणि मग गळके टॉर्च होतात.

दुसरी गोष्ट सस्पेन्स खात्याची. हिशेबात ज्या रकमेचं डोकं-शेपूट कळत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. वर्ष संपायच्या आत ते खातं शून्यावर आणावं लागतं. प्रत्येक घरात असा एक खण असतोच. कुठलीशी किल्ली, अर्धी मेणबत्ती, कशाचा तरी स्क्रू. तो नसावा असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आमच्याकडे तो एकच आहे, लहान आहे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो टेबलावर उलटा करतो. वीस मिनिटं लागतात. गेल्या महिन्यात मी तो उलटा केला नाही, आणि या महिन्यात तो बंद होईना.

लाल चिठ्ठ्यांचं पाकीट मी टेबलावर ठेवलं होतं, ही मात्र चूक झाली. मागच्या महिन्यात बायकोने त्यातली एक काढून माझ्या छपाईच्या कॅल्क्युलेटरला लावली. कागदाच्या गुंडाळीवर आकडे खटाखट छापणारं ते धूड माझ्या पहिल्या नोकरीपासून माझ्याबरोबर आहे. गेली सहा वर्षं ते चालू केलेलं नाही, हे खरं. तारीख तिने स्वच्छ अक्षरांत घातलीय. मुदत संपायला अजून दीड महिना आहे.

काल दुपारी ती बाहेर गेली असताना मी त्याच्यावर विजेच्या बिलांची बेरीज केली. गुंडाळी फाडून पुरावा म्हणून ठेवली आहे. अशी मुद्दाम केलेली बेरीज वापर म्हणून धरायची की नाही, यावर दोन्ही सह्या अजून झालेल्या नाहीत.