ब्लेफरायटिस: रोजचा शेक आणि नवरात्र

सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, वरचेवर रांजणवाडी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सासूबाईंचं निदान ठरलेलं : "अगं, उष्णता झालीय, गुलाबपाणी घाल." डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांना सूज, असल्याचं सांगितलं. पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंडा साचलेला, कडेवरच्या मायबोमियन, म्हणजे तेलाच्या, ग्रंथींची तोंडं बुजलेली. वरच्या पापणीत अशा २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांचं तेल घट्ट झालं की अश्रू लवकर सुकतात. "बेन, हे कायमचं जात नाही, आटोक्यात ठेवायचं," म्हणाले. मी खट्टू झाले, पण दर महिन्याला नवे थेंब आणणं तरी थांबलं.

मुख्य उपचार म्हणजे शेक. पाणी साधारण ४० अंशांचं, मनगटाला सोसेल इतपत, आणि शेक पाच ते दहा मिनिटं. कापड मात्र दोन मिनिटांतच गार होतं! शेवटी पोळ्यांचा जुना हॉटपॉट कामी आला : दोन ओले रुमाल त्यात, एक डोळ्यांवर असताना दुसरा आत गरम. तेल पातळ झालं की वरची पापणी खाली आणि खालची वर अशी केसांच्या दिशेने हलकेच दाबायची, मग पाण्यात पातळ केलेल्या बेबी शाम्पूने कडा पुसायच्या. क्रम हाच, शेकाआधी दाबून ते घट्ट तेल बाहेर येत नाही.

रात्री मलम लावलं की सगळं धूसर, म्हणजे झोपताना वाचन बंद. काही आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिकही घेतलं : भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जपायचं. गरोदरपणात हे औषध देत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी आधी विचारून घेतलं. स्टेरॉइडचे थेंब थोडेच दिवस होते. त्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, तेव्हा बाटली संपली म्हणून दुकानातून परस्पर दुसरी आणायची नाही.

खरी पंचाईत नवरात्रात. पापणीच्या आतल्या कडेला काजळ लावायचं म्हणजे नेमकं त्या ग्रंथींच्या तोंडावरच! पहिल्या वर्षी लिपस्टिकवरच गरबा खेळले, मैत्रिणी म्हणाल्या, "आजारी आहेस का गं?" आता आयलायनर लावते, पण केसांच्या बाहेरून, आणि कितीही उशीर झाला तरी पुसून, शेक घेऊनच झोपते. मे महिन्यात ऑफिसच्या एसीत स्क्रीनसमोर बसून पुन्हा खुपायला लागतं, तेव्हा शेक दिवसातून दोनदा.