माझा अनुभव: कोष्टकातली संभाव्यता आणि छेदाचा घोळ

नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून एमबीए करताना संख्याशास्त्राच्या पेपरात सशर्त संभाव्यतेनं, म्हणजे एखादी अट आधी धरून काढायच्या संभाव्यतेनं, मला फार छळलं. विषयानं नाही, आम्हाला मिळालेल्या पुस्तिकेनं. आजही आठवलं की चीड येते.

कोष्टक टायटॅनिकचं होतं. १९१२ साली बुडालेल्या त्या जहाजावरचे २२०१ जण. पहिल्या वर्गातले ३२५, त्यातले २०३ वाचले. दुसऱ्या वर्गातल्या २८५ पैकी ११८, तिसऱ्यातल्या ७०६ पैकी १७८ आणि ८८५ कर्मचाऱ्यांपैकी २१२. एकूण वाचले ७११.

संयुक्त संभाव्यता, म्हणजे दोन गोष्टी एकत्र खऱ्या असण्याची, चुटकीसरशी झाली. पहिल्या वर्गातला आणि वाचलेला: २०३ भागिले २२०१, सुमारे ०.०९. छेदात कायम एकूण बेरीज.

घोडं अडलं पुढे. तिसऱ्या वर्गातला प्रवासी वाचण्याची संभाव्यता आणि वाचलेला माणूस तिसऱ्या वर्गातला असण्याची संभाव्यता, हे दोन वेगळे प्रश्न. पुस्तिकेत नेमके हेच दोन सोडवलेले. दोन्हींचं उत्तर ०.२५! १७८ भागिले ७०६ करा नाहीतर ७११ करा, दोन दशांश स्थळांपर्यंत फरकच दिसत नाही. ज्या उदाहरणात छेद कुठलाही घेतला तरी उत्तर जुळतं, ते शिकवायला निवडावंच का? किती संध्याकाळी त्यात गेल्या!

सुटका झाली ती कोऱ्या कागदानं. पहिल्या वर्गाची ओळ तेवढी उघडी ठेवून बाकी सगळं झाकलं. समोर उरले ३२५, तोच छेद. २०३ भागिले ३२५, ०.६२. मग फक्त 'वाचले' हा रकाना उघडा ठेवला. आता छेद ७११ आणि उत्तर ०.२९. अंश तोच, २०३. प्रश्नातली अट जेवढं उघडं ठेवते, त्याचीच बेरीज खाली लिहायची.

सरावाला कर्मचाऱ्यांची ओळ घ्या. वाचलेल्यांत सर्वात मोठा गट त्यांचाच, जवळपास ३० टक्के. पण कर्मचाऱ्यांतले वाचले जेमतेम २४ टक्के, चारही गटांत सर्वात कमी. हे दोन आकडे शेजारी मांडले तेव्हा मला विषय खऱ्या अर्थानं कळला, आणि त्याचा आनंद अजून आहे.

हो, एक राहिलंच: कोष्टकात बेरजा दिल्या नसतील तर आधी त्या कडेला मांडून घ्या. वाचलेले ७११, दगावलेले १४९०, मिळून २२०१ यायलाच हवेत. ते जुळल्याशिवाय भागाकाराला हात लावू नका.