हेवी शिकताना गिअरची गाडी घ्यावी की ऑटोमॅटिक, माझा अनुभव

मी आधी भोसरी ते मार्केट यार्ड छोटा हत्ती चालवायचो, त्यामुळे एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स होतंच. ते एक वर्ष जुनं असावं लागतं आणि वय वीस पूर्ण, की हेवीचं, म्हणजे ट्रकसारख्या मोठ्या गाडीचं, लर्निंग काढता येतं. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, बऱ्याच पोरांना अजून माहीत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. सारथी पोर्टलवर फॉर्म, लर्निंग, मग ट्रेनिंग, मग स्कूलकडून फॉर्म पाच, म्हणजे ट्रेनिंगचा दाखला, घेऊन टेस्ट, एवढंच आहे.

खरा प्रश्न पुढे होता. चाकणला ज्या शेठकडे लागायचं होतं त्यांच्या नव्या गाड्या सगळ्या एएमटी, म्हणजे क्लचचा पेडलच नाही. मित्र म्हणाले, मग कशाला गिअर शिकत बसतोस? त्यात आपल्याकडे ट्रकच्या लायसन्सवर असा फरकच नसतो, टू-व्हीलरला विदाऊट गिअर वेगळं असतं तसं इथे काही नाही. अमेरिकेत ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर ई रिस्ट्रिक्शन पडतं आणि गिअरचा ट्रक चालवता येत नाही. आपल्याला कोणी अडवत नाही, उद्या मालकाने जुन्या गिअरच्या गाडीची चावी हातात दिली की निघायचं, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती.

शिकवणारे मामा आयुष्यभर लाइनवर, म्हणजे लांबच्या ट्रकवर, काढलेले. म्हणाले, "आधी क्लचवर पाय बसू दे, बाकीचं नंतर बघू."

मोशीकडच्या एका चढावर गाडी उभी करायला लावायचे. आधी ब्रेकच्या टाकीत हवा भरली का बघायचं, काटा वर आला आणि बझर बंद झाला की मग पार्किंग ब्रेकला हात. क्लच सावकाश सोडत आणायचा, एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो, कॅबिन जरा दबल्यासारखं होतं, तिथेच पाय धरायचा, मग ब्रेक सोडायचा आणि थोडी रेस. रिकामी गाडी सेकंडवर उचलायची, लोड असेल तर फर्स्ट नाहीतर क्रॉलर, म्हणजे फर्स्टच्याही खालचा गिअर. हे रोज, पोटरी दुखेपर्यंत. नऊ गिअरच्या गाडीत लो रेंजचे चार आणि हाय रेंजचे चार गिअर एकाच जागी पडतात, नॉबवरचं बटण कधी उचलायचं हे हाताला कळायला वेळ लागतो. आणि आता गिअर सहज पडावा म्हणून बॉक्समध्ये सिंक्रो असले तरी मामा डबल क्लच करून घ्यायचेच. क्लच दाब, न्यूट्रल, क्लच सोड, रेस दे, परत क्लच, खालचा गिअर. कारण विचारलं तर म्हणाले, "उतारावर गिअर पडला नाही तर गाडी न्यूट्रललाच राहते रे."

त्याचा अर्थ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना कळला. तो उतार पुण्यात सगळ्यांना माहीत आहे, तिथे किती माणसं गेली आहेत. डिझेल वाचवायला लोक तिथे न्यूट्रल करतात, काही तर इंजिन बंद करतात. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाणार, स्टेअरिंग जड होणार, आणि मागे लोड ढकलतोय. गिअर असला तर इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेकचे ड्रम तापत नाहीत. मामांनी बोगद्याच्या आधीच खालचा गिअर टाकायला लावला, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच गाडी धरणारा) चालू, आणि स्वामीनारायण मंदिर मागे पडेपर्यंत ब्रेकला फक्त अधूनमधून पाय. मागून कारवाले हॉर्न मारत होते, मारू देत.

नंतर एएमटीवर बसलो तेव्हा कळलं की आत क्लच आणि गिअर तेच आहेत, फक्त ते दाबायचं आणि टाकायचं काम कॉम्प्युटर करतो. व्होल्वोच्या आय-शिफ्टला तर बारा गिअर आहेत आणि आपल्याला कळतही नाहीत. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय मोकळा राहतो हे सुख फार मोठं आहे, जुन्या ड्रायव्हर लोकांचे गुडघे बघा म्हणजे समजेल. कोणी एएमटीला कमी लेखत असेल तर मला पटत नाही. पण चढावर ब्रेक न लावता नुसत्या रेसवर गाडी तोलून धरली तर आतला क्लच जळतोच, आणि पुढे घाट आहे हे गाडीला आपल्याइतकं आधी दिसत नाही. म्हणून मी घाटात मॅन्युअल मोडला घेतो, गिअर स्वतः धरतो, आणि कोणता धरायचा हे इंजिनच्या आवाजावरून समजतं, ते मामांच्या गाडीवरच आलेलं आहे.

पोरं मला विचारतात तर मी आधी गिअरची गाडी सांगतो, मग पाहिजे तर थोडे दिवस एएमटी. आणि फी भरायच्या आधी स्कूलवाल्यांना एकच विचारा, लोड गाडी उतारावर चालवायला देता का. नुसती मैदानात रिकामी गाडी फिरवत असतील तर दुसरीकडे चौकशी करा.