तू कधी जाणार?

साताऱ्यातल्या मुलींच्या एका बालगृहात मी समुपदेशक आहे. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, रविवार होता. जर्मनीहून एकोणीस वर्षांची एक मुलगी तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करायला आली. परवानगी, पोलिस पडताळणी, कागद सगळे रीतसर होते. व्हरांड्यात तिनं बूट काढायच्या आतच आमची सात वर्षांची सोनी (नाव बदललं आहे) धावत गेली आणि तिच्या कमरेला मिठी मारून लोंबकळली. त्या मुलीचे डोळे भरून आले. "किती प्रेमळ आहे! मला ओळखतसुद्धा नाही, तरी बघा!"

ओळखत नाही तरी. माझ्या पोटात कालवलं ते ह्याच शब्दांनी.

घरात वाढणारं पोर परकं माणूस आलं की आधी आईच्या पदराआड जातं आणि तिथून डोकावतं. पदर कुणाचा हेच ठरलेलं नसलं की मूल येईल त्याचा हात धरतं. बघणाऱ्याला ते गोड वाटतं, आमच्या कामात ते दुखण्याचं लक्षण मानतात. गृहमातांच्या पाळ्या बदलतात, कुणी नोकरी सोडून जातं, वाढदिवसाचा केक घेऊन आलेलं कुटुंब तासाभरात निघून जातं. रुमानियात बुखारेस्टच्या संस्थांमधल्या १३६ बाळांवर २००० सालाच्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं पालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवली होती, आणि लहान वयातच घर मिळालेल्यांचा माणसांशी जीव अधिक चांगला जडला. साताऱ्यात हे बोलले की कुणीतरी कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब मुलांसाठी १९२४ साली काढलेल्या वसतिगृहाचा दाखला देतंच. तो मलाही पूज्य आहे. पण पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र विकणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या पोरांना रोज दिसत होत्या.

त्या मुलीला मी नावं ठेवू शकत नव्हते, कारण २०१७ साली मीही अशीच गेले होते. काठमांडूजवळच्या एका बालगृहात, तीन आठवडे. भूकंपाला दोन वर्षं झाली होती. पहिल्या संध्याकाळी सहा वर्षांच्या एका मुलानं माझं नावही न विचारता विचारलं, "मिस, कहिले जाने?" मराठी माणसाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी हसून म्हणाले, आत्ताच तर आले! रात्री भिंतीवर बघितलं तर आधी येऊन गेलेल्यांचे हातांचे रंगीत ठसे होते, प्रत्येकाखाली नाव आणि देश. मी तिसाव्या ठशाला मोजायचं थांबवलं. त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप डोंगरातल्या गावांत जिवंत आहेत, शिकायला मिळेल म्हणून त्यांनी पोरं पाठवलीत, हे मला निघायच्या आदल्या दिवशी कळलं. निघताना मीही ठसा उमटवून आले. तो हात मला अजून टोचतो. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेनं मुलांचं नुकसान होतं, ते रोखा, असा ठराव केला. तो वाचताना मला ती भिंतच दिसत होती.

त्याच रविवारी दुपारी सोनीची आजी आली. माण तालुक्यातून पहाटे निघून, दहिवडीहून अर्ध्या तिकिटाच्या एसटीनं. बाप वारलेला, आईनं दुसरं घर केलेलं. आजीकडे दोन शेळ्या, एक खोली आणि पोरगी सांभाळायची भीती. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच आली होती. सकाळी परकीच्या कमरेला लोंबकळलेली सोनी आजीला बघताच कोठीच्या दाराआड गेली आणि बाहेर येईना.

"मला वळखंना व्हय गं?" आजी एवढंच म्हणाली. तिनं हाका मारल्या नाहीत, ओढलं नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि पिशवीतली बोरं पदरात ओतली. "तुज्याच बोरीची हायती."

अर्धा तास गेला. दार हललं. सोनी भिंतीला घासत घासत आली, आजीकडे न बघता एक बोर उचललं आणि परत गेली. मग दुसरं. खाल्लेल्या बोरांच्या आठोळ्या ती फेकत नव्हती, फ्रॉकच्या खिशात ठेवत होती. सातव्या-आठव्या खेपेला ती परत गेलीच नाही, आजीपासून हातभर अंतरावर बसली. बऱ्याच वेळानं विचारलं, "तू कवा जानार?"

"साडेतीनच्या येष्टीनं. म्होरच्या रविवारी येती."

जर्मन मुलगी खिडकीतून बघत होती. शब्द कळत नसूनही रडत होती. संध्याकाळी चहावर मी तिला नेपाळची भिंत सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग मी काय करू?" आम्ही मिळून ठरवलं. ती किती तारखेला जाणार हे मुलींना त्याच रात्री सांगितलं, कॅलेंडरवर खूण केली. लहान मुलींना कडेवर घेणं बंद. सकाळी स्वयंपाकघरात गृहमातांच्या हाताखाली, म्हणजे त्यांना पोरींपाशी बसायला तासभर मिळेल. दुपारी भांडारच्या नोंदी संगणकावर. तिनं ते मनापासून केलं. विमानाच्या तिकिटाचा आकडा मी तिला विचारला नाही, पण मूल संस्थेऐवजी घरी वाढावं म्हणून सरकार पैसे देतं त्या बालसंगोपन योजनेचा अर्ज आजीसाठी भरताना महिन्याचे २२५० रुपये हा आकडा तिनंच माझ्याकडून वहीत लिहून घेतला.

पुढच्या रविवारी सोनी सकाळी आठपासून पायरीवर बसली होती. खिशात आठोळ्या. अकरा वाजले, बारा वाजले. मी दोनदा जेवायला बोलावलं, ती हलली नाही. कोरेगावजवळ एसटी बंद पडली होती. आजी दीड वाजता आली. सोनी उठली आणि दाराआड गेली नाही.