पोराचा विचार

काल जेवणं झाल्यावर आईला ‘एक ही रास्ता’ लावून दिला. बी. आर. चोप्रांचा, १९५६चा, त्यात मीना कुमारी म्हणजे तिचा जीव. आणि मधेच लसूण सोलता सोलता ती बोलून गेली, ‘पोराचा तरी विचार करायचा होता हिने.’ माझ्याकडे बघितलं पण नाही. तेव्हापासून मी त्या वाक्यात अडकलेय, सकाळी डबा भरताना तेच, माजिवड्याला बस ट्रॅफिकमध्ये उभी तेव्हा तेच.

अगं पण मालतीने, म्हणजे पिक्चरमधल्या मीना कुमारीने, करायचं काय होतं? नवऱ्याचा खून होतो, पोर एवढंसं, अशोक कुमार मदतीला येतो-जातो तर आजूबाजूचे कुजबुजायला लागतात, मग लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून ते लग्न करतात. आणि ज्या पोराला तो माणूस इतका आवडायचा (डेझी इराणी, काय गोड काम केलंय) त्यालाच तो बाप म्हणून नको होतो. पोराचं मला कळतं, फार कळतं. पण तिला लग्न करायला कायम काहीतरी कारण का लागतं? लोक बोलतात हे कारण, पोराला आधार हे कारण. तो आवडला, संध्याकाळी बोलायला कोणीतरी असावंसं वाटलं, एवढं पुरत नाही का कधीच?

विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, म्हणजे पिक्चर आला तेव्हा त्याला शंभर वर्षं झालेली. महर्षी कर्व्यांनी १८९३मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं तर मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. हे आईच वर्गात शिकवायची, अगदी तळमळून. परक्या कोणी बोललं असतं तर एवढं लागलं नसतं मला. दुपारी ऑफिसात डोळे भरून आले, वाटलं हे असते तर हा विषयच निघाला नसता, आणि मग वाटलं की... जाऊ दे.

संध्याकाळी घरी आले तर तीच विचारते, ‘आज येणारेत ना ते? भाकरी जास्तीची टाकते.’ पोरगा गणिताची वही उघडून त्यांचीच वाट बघत बसलेला. मी नुसती बघत राहिले दोघांकडे. घाबरलीये ती. आत्या काय म्हणेल, खालच्या बाकावरच्या बायका काय म्हणतील, पोरगा मोठा झाल्यावर आईला काय विचारेल. शेवटच्याला तर मीपण घाबरते, रात्र रात्र घाबरते, म्हणून तर ते वाक्य एवढं रुतलं. राहू दे भीती, दोघींची राहू दे. ती काही एका पिक्चरने जायची नाही आणि भांडूनही जायची नाही.

रविवारी गडकरीला नाटक आहे. तीन तिकिटं काढणार होते, आता चार काढते. आई येईल का माहीत नाही, पण तिची सीट माझ्या शेजारचीच घेणारे.