ताळेबंदाची डावी बाजू

पहिल्याच चाचणीत ताळेबंद मांडायला आला. मी हाताच्या सवयीने डावीकडे देणी लिहिली, उजवीकडे मालमत्ता. दोन्हीकडची बेरीज जुळली, एकही आकडा चुकला नव्हता. पेपर परत आला तेव्हा मधोमध पेन्सिलीने एक दुहेरी बाण काढलेला होता. इथे अमेरिकेत मालमत्ता डावीकडे, आणि तीही रोख शिलकीपासून सुरू. लातूरला बी. कॉम. करताना मी जमीन-इमारतीपासून सुरुवात करून रोख शिल्लक तळाला लिहायला शिकले होते. माझे 1,25,000 सुद्धा बाईंनी 125,000 केले होते. तो कागद मी जपून ठेवलाय.

हा वर्ग कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात भरतो. मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सहाला. घरी फोनवर सांगितलं तेव्हा आत्याला वाटलं, समाजमंदिरातला एखादा शिवण-टिपणाचा वर्ग असेल. तसं नाही. ही सरकारी कॉलेजं आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात 116. प्रवेश परीक्षा नाही, टक्केवारीची अट नाही. दोन वर्षं इथे शिकून पुढे विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा नुसतं हिशेबाचं प्रमाणपत्र घेऊन कामाला लागता येतं. राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, 46 डॉलर. माझा विषय 4 युनिटांचा, म्हणजे 184 डॉलर. पुस्तक महाग होतं, म्हणून मी ते ग्रंथालयात बसूनच वाचलं.

इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या एच-4 व्हिसावर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, हे मला इथे येऊन दोन वर्षं माहीतच नव्हतं. नोकरीचं मात्र तसं नाही. 2015 च्या मे महिन्यापासून एच-4 वरच्या काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. आमच्याकडे त्यासाठी नवऱ्याचा ग्रीन कार्डचा आय-140 अर्ज मंजूर व्हायची वाट होती. तेवढ्या काळात घरात बसून कुढण्यापेक्षा शिकावं, असं ठरवलं.

वर्गात माझ्या डाव्या हाताला गोदामात रात्रपाळी करणारा एक तरुण बसायचा, उजवीकडे नातवंडं असलेल्या एक बाई. दोघांनी डेबिट-क्रेडिट हे शब्द फक्त बँकेच्या कार्डावर वाचलेले. शिकवणाऱ्या बाई फळ्यावर मोठा इंग्रजी टी काढायच्या: डावी बाजू डेबिट, उजवी क्रेडिट, आणि त्यावर एकच समीकरण, मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल. आपल्याकडचे 'येईल ते नावे, जाईल ते जमा' हे नियम इथे कुणी पाठ करत नाही. समीकरणाने कारण लवकर कळतं हे मला मान्य आहे, पण हात मात्र नियमांनीच भराभर चालतो.

अण्णांचं भुसारलाइनीला अडत दुकान होतं. तिथले दिवाणजी लाल कापडी बांधणीच्या वहीत रोजची किर्द, म्हणजे व्यवहारांची नोंद, लिहायचे, मग खतावणी, म्हणजे खात्यावार मांडणी, आणि महिनाअखेर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी. लहानपणी मी त्यांच्या गादीच्या कडेला बसून आकडे वाचून दाखवायची. त्या तरुणाला मी हीच वही कागदावर काढून समजावली: शेतकऱ्याची तूर आली, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झाली, पैसे द्यायचे राहिले. दोन आठवड्यांनी तो माझ्याआधी उत्तरं काढू लागला.

एका गोष्टीशी मात्र बराच झगडा झाला. शेवटी आलेला माल आधी विकला गेला असं धरून साठ्याची किंमत काढायची पद्धत इथे चालते, भारतातल्या मानकांत ती बसत नाही. भाव चढते असले की तिने नफा कमी दिसतो, करही कमी लागतो. पण अण्णांच्या गोदामात जुनी पोती आधी निघायची, नाहीतर कीड लागायची. म्हणून हा हिशेब डोक्यात बसायला महिना गेला.

खरं शिक्षण फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या शनिवारी झालं. व्हिटा नावाचा सरकारी कर खात्याचा उपक्रम आहे. परीक्षा पास झालेले स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देतात. आमच्या कॉलेजात त्याचं केंद्र होतं. एकदा हॉटेलात सफाईचं काम करणाऱ्या बाई आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत तीन मालकांचे डब्ल्यू-2 होते, म्हणजे वर्षाच्या पगाराचे आणि कापलेल्या कराचे कागद. तिसरा त्यांनी पिशवीतच ठेवला होता, रक्कम लहान म्हणून. मी मागून घेतला. चौकट क्रमांक 1 मध्ये पगार, 2 मध्ये कापलेला केंद्रीय कर. तो पगारही दाखवणं भागच होतं, आणि कापलेला कर त्यांच्या परताव्यात मिळणार होता. प्रत्येक विवरणपत्र दुसरा स्वयंसेवक तपासतोच, तशी तपासणी झाली. बाईंनी शेवटची रक्कम बोटाने दोनदा वाचली आणि म्हणाल्या, दोन महिन्यांचं भाडं झालं.

त्या दिवशी मी ठरवलं, की याच कामात राहायचं. सीपीए, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाची परीक्षा चार पेपरांची, प्रत्येकात 75 गुण हवेत. आधी कॉलेजातले इंटरमीडिएटचे, म्हणजे हिशेबाच्या पुढच्या पातळीचे विषय आहेत, ऑगस्टपासून.

परदेशी येणार असाल तर एक मनापासून सांगते. निघण्याआधीच विद्यापीठातून गुणपत्रिकांच्या सीलबंद अधिकृत प्रती काढून ठेवा, पदवीच्या प्रमाणपत्रासह. पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या अनेक संस्था त्याच मागतात. माझ्यासाठी भावाला लातूरहून नांदेडला जावं लागलं, तेही ऐन सोयाबीनच्या हंगामात.